कोषातून नरच जास्त निघाले? आधी अंड्यांचा हिशोब बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडच्या एका दादांनी मुलीबरोबर घरच्या कढीपत्त्यावरची आणि सोसायटीतल्या लिंबावरची मिळून 23 अंडी आणून डब्यात वाढवली, शेवटी 14 फुलपाखरं उडाली, सगळी कॉमन मॉर्मन, त्यात 10 नर आणि 4 माद्या. कोणी म्हणालं अळ्यांना पाला कमी पडला की नर होतात, कोणी म्हणालं एप्रिलच्या उन्हाने असं होतं. यातलं खरं काय, आणि नर-मादीचं प्रमाण घरच्या घरी नीट बघायचं तर कसं?

दादा, पाला आणि ऊन ही दोन्ही कारणं आधी बाजूला ठेवा. फुलपाखरू नर होणार की मादी हे अंडं पानाला चिकटतं तेव्हाच ठरलेलं असतं. आपल्यात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, फुलपाखरं आणि पतंगांत ते आईकडून ठरतं. नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात आणि मादीकडे बहुतेक जातींत एक झेड, एक डब्ल्यू. आईकडून अंड्यात झेड गेलं की नर, डब्ल्यू गेलं की मादी, त्यामुळे निम्मे नर निम्म्या माद्या हा साधा हिशोब. रेशीमकिड्यात हे डब्ल्यू नेमकं काय करतं तेही 2014 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलंय, डब्ल्यूवरून निघणारा एक बारकासा आरएनए नर बनवणाऱ्या जनुकाला गप्प बसवतो आणि मग मादी होते. हे सगळं अंड्याच्या आत चालतं, अळीने पहिलं पान कुरतडायच्या कितीतरी आधी. तेव्हा तुमच्या मुलीला नक्की सांगा की तिने पाला कमी दिला म्हणून माद्यांचे नर झाले असं अजिबात झालेलं नाही.

पण ही पाल्याची गोष्ट आली कुठून? ती जुनी आहे. 1873 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या मेरी ट्रीट यांनी मॉर्मनच्याच कुळातल्या स्वॅलोटेलच्या अळ्यांवर प्रयोग करून लिहिलं होतं की उपाशी ठेवलेल्या अळ्यांचे नर होतात आणि पोटभर खाल्लेल्यांच्या माद्या. बाई निरीक्षणाला फार पक्क्या होत्या, डार्विनशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांना दिसलं ते दिसलंच असेल, अर्थ मात्र दुसरा निघतो. बऱ्याच जातींत मादी अळी नरापेक्षा मोठी होते, जास्त खाते आणि एखाददोन दिवस जास्त अळी राहते. पाला तुटला की आधी फटका बसतो तो तिला. उपाशी डब्यातून जे वाचतात त्यात नर जास्त दिसतात, कारण माद्या वाटेत मेलेल्या असतात. लिंग बदललेलं नसतं, वाचणारे कोण हे बदललेलं असतं.

आणि म्हणूनच तुमच्या प्रश्नात मला 10 आणि 4 पेक्षा महत्त्वाचा वाटतो तो न सांगितलेला आकडा, 9. तेवीसातून चौदा गेले की नऊ उरतात. ही नऊ अंडी किंवा अळ्या किंवा कोष कुठे गेले? अंडी फुटलीच नाहीत, की अळ्या लहानपणी मेल्या, की कोष काळे पडले? समजा त्या नऊपैकी सात माद्या होत्या आणि दोन नर, तर अंड्यांत 12 नर आणि 11 माद्या होत्या, म्हणजे एकदम सरळ प्रमाण. उलट नऊच्या नऊ नर असतील तर 19 विरुद्ध 4, म्हणजे फारच विचित्र काहीतरी. तुमच्या आकड्यांवरून यातलं कुठलं खरं ते मला सांगता येणार नाही आणि दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही. फुलपाखरं वाढवणारी बहुतेक मंडळी शेवटी डब्यातून उडालेली मोजतात आणि त्यालाच प्रमाण म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, मोजणी अंड्यापासून सुरू करा आणि मेलेल्याची नोंद जिवंताइतकीच काळजीने करा, नाहीतर प्रमाण काढूच नका, नुसता आनंद घ्या, तोही चांगलाच आहे.

आता समजा मेलेल्यांतही काही भेदभाव नव्हता. तरी 14 मध्ये 10-4 हे विशेष नाही. नाणं 14 वेळा उडवलं तर इतका किंवा याहून जास्त एकतर्फी निकाल शंभरात साधारण 18 वेळा नुसत्या योगायोगाने येतो. काय-स्क्वेअर नावाची सोपी चाचणी आहे, बारावीच्या पोरांनाही येते: अपेक्षा 7-7, फरक 3, त्याचा वर्ग 9, भागिले 7, आणि दोन्ही बाजूंचं म्हणून दुप्पट, उत्तर 2.57. हे 3.84 च्या वर गेलं तर आपण म्हणतो की बाबा इथे काहीतरी असावं. तुमचं गेलेलं नाही. याच जवळपासच्या प्रमाणात 60 फुलपाखरं निघाली असती, 40 नर आणि 20 माद्या, तर उत्तर 6.67 आलं असतं आणि मग मी खुर्ची पुढे ओढून बसले असते. एका बॅचवरून निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण चौदा हा आकडा फार छोटा आहे.

अजून एक शंका आहे आणि कॉमन मॉर्मनच्या बाबतीत ती घ्यावीच लागते. तुमचे दहा नर खरंच नर होते का? या जातीत नर एकाच रूपाचा असतो, काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. मादी मात्र तीन रूपांत येते. एक रूप कॉमन रोझ नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल करतं, मागच्या पंखात पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. दुसरं क्रिमसन रोझ या फुलपाखराची नक्कल करतं. आणि तिसरं, सायरस म्हणतात ते, थेट नरासारखं दिसतं. पंख बघून नर-मादी ठरवलं की सायरस माद्या हमखास नरांच्या रकान्यात जातात. तुमच्या चार माद्या सगळ्या रोझसारख्या होत्या का ते आठवून बघा, किंवा फोटो असतील तर बघा. त्या तशा असतील तर मला दाट संशय आहे की दहा नरांमध्ये एखाददोन सायरस बसल्या असतील, कारण एकाच आईच्या लेकींमध्ये निम्म्या नक्कल करणाऱ्या आणि निम्म्या सायरस असं सर्रास होतं. ही रूपं एकाच जनुकाच्या जागेवरून ठरतात, डबलसेक्स नाव त्याचं, आणि ते 2014 मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मला त्यातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं सांगू, शरीराला नराचं किंवा मादीचं वळण देणारं जे जनुक आहे त्याच जनुकाला निसर्गाने मादीच्या पंखांवरच्या नकलेच्या कामाला लावलंय.

मग ओळखायचं कसं? पोटाचं टोक बघा, पंख बघू नका. फुलपाखरू बाहेर पडून पंख वाळवत लटकलेलं असतं तेव्हा दोन-तीन तास ते कुठेच जात नाही, तीच वेळ. दहा पटीचं भिंग घ्या, ज्वेलरीवाले वापरतात तसलं, तुळशीबागेच्या आसपास मिळून जातं. नराच्या पोटाच्या टोकाला दोन बाजूंनी दोन झडपा असतात, मध्ये उभी फट, आणि हलकासा श्वास सोडला तर त्या झडपा किंचित हलताना दिसतात. मादीचं टोक जाडसर आणि गोलसर, झडपा नाहीत. पोटही तिचं भरलेलं दिसतं. एकदा चार-पाच नीट बघितलीत की डोळा बसतो, मग भिंग लागतही नाही. पंख ओले असताना हात मात्र लावायचा नाही, तेवढ्यानेही पंख वाकडा वाळतो आणि मग त्याचं काही होत नाही.

कोषातही ओळखता येतं आणि प्रमाणासाठी ते जास्त कामाचं, कारण कोष नंतर मेला तरी नोंद हातात राहते. पोटाच्या बाजूने शेवटचे खंड बघायचे. मादीत आठव्या खंडावर मधोमध बारीक चीर असते आणि खंडाची रेघ तिथे पुढे ओढल्यासारखी दिसते. नरात आठवा खंड साफ असतो आणि नवव्यावर दोन बारीक उंचवटे, मध्ये फट. मॉर्मनचा आणि लिंबावरच्याच दुसऱ्या फुलपाखराचा, लाइम बटरफ्लायचा, कोष पोट आधाराकडे करून बसतो, काडीवर बसला तर दिसणं अवघड, पण तो पारदर्शक डब्याच्या भिंतीवर बसला की बाहेरून प्लॅस्टिकमधूनच पोट दिसतं, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून मॅक्रो लेन्सने फोटो काढा. कोष ताजा असताना पहिला दिवसभर त्याला हलवू नका, कवच कडक होऊ द्या.

आता न फुटलेल्या अंड्यांकडे येते, कारण या सगळ्या विषयातली सगळ्यात जबरदस्त गोष्ट तिथे लपलेली असते.

काही फुलपाखरांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. ते आईकडून अंड्यात उतरतात, बापाकडून जात नाहीत. म्हणजे जिवाणूच्या दृष्टीने नर ही पुढे न जाणारी वाट. काही ठिकाणी हे जिवाणू नर गर्भाला अंड्यातच मारतात आणि फक्त लेकी जन्माला येतात, मेलेल्या भावांची जागा आणि पाला त्यांना मिळतो. ग्रेट एगफ्लाय, म्हणजे आपला मोठा चांदवा, याची सामोआ बेटांवरची कहाणी प्रसिद्ध आहे. तिथल्या उपोलू आणि सवाई या बेटांवर 2001 मध्ये नरांचं प्रमाण होतं जेमतेम 1 टक्का. आणि 2006 मध्ये बघितलं तर नर 40 टक्क्यांच्या जवळ! दहाएक पिढ्यांत. जिवाणू तिथेच होता, गेला नव्हता, पण फुलपाखरात त्याला दाबणारं जनुक आलं आणि ते वणव्यासारखं पसरलं, कारण जिथे नर मिळतच नाही तिथे ज्या आईला लेक होतो तिच्या लेकाला जोडीदारीण शोधावी लागत नाही. उत्क्रांती इतक्या कमी वेळात डोळ्यांदेखत घडलेली फार थोड्या ठिकाणी पकडता आलीय. आपल्या रुईवरच्या प्लेन टायगरचंही पूर्व आफ्रिकेत असंच आहे, तिथे नर मारणारा जिवाणू वेगळा, स्पायरोप्लाझ्मा, पण परिणाम तोच, केनियात काही भागांत नर शोधावे लागतात. आणि जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर पिवळ्या ग्रास यलोच्या गोतावळ्यात वोल्बाकियामुळे डब्ल्यू गुणसूत्रच नसलेली फुलपाखरं माद्या होऊन वावरतात, तिथे कोणी मरत नाही, फिरवलंच जातं.

हे लांबचं वाटत असेल तर पुण्याचंच सांगते. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या लोकांनी पश्चिम घाटातली 56 जातींची फुलपाखरं तपासली होती, 2012 मध्ये ते छापून आलं, त्यातल्या 29 जातींत वोल्बाकिया सापडला. निम्म्याहून जास्त जातींत! आता हे वाचून प्रत्येक वाकडं प्रमाण वोल्बाकियावर ढकलायचं नाही, जिवाणू असणं आणि त्याने नर मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बऱ्याच जातींत तो नर मारत नाही, दुसरेच उद्योग करतो किंवा गुपचूप बसून राहतो. पण आपल्या टेकड्यांवरच्या फुलपाखरांत असं काही असेल तर ते प्रयोगशाळेच्या आधी कोणाला दिसेल? ज्याच्या डब्यात एका आईची अंडी आहेत आणि वहीत न फुटलेल्यांचा आकडा आहे त्याला.

कारण नर मारणाऱ्या जिवाणूची खूण एकदम स्पष्ट असते. एका मादीची 30 अंडी घ्या, साधारण निम्मी फुटत नाहीत आणि जी फुटतात त्यांच्या सगळ्या माद्या. तुमच्यासारखीच 14 फुलपाखरं निघाली आणि चौदाच्या चौदा माद्या असल्या, तर योगायोगाने असं होण्याची शक्यता 16,384 मध्ये एक आहे. 10-4 आणि 0-14 यात एवढा फरक आहे. आणि हे दिसायला दोनच अटी: अंडी एकाच आईची हवीत आणि न फुटलेली मोजलेली हवीत. दहा वेगवेगळ्या माद्यांची अंडी एका डब्यात टाकली की एखादीच्या सगळ्या लेकी झाल्या तरी बाकीच्यांत विरघळून जातं, काही कळत नाही.

तुमची अंडी तर दोन झाडांवरची, म्हणजे किती आयांची कोण जाणे. त्यात कढीपत्ता आणि लिंबू या दोन्हींवर लाइम बटरफ्लायही अंडी घालतं, अंडं तसंच गोल पिवळसर, जेमतेम मिलिमीटरभर, आणि छोट्या अळ्याही दोघांच्या पक्ष्याच्या शिटेसारख्या. नऊ गेले त्यात लाइमचेही असू शकतात. म्हणून मी नवीन माणसाला प्रमाण बघण्यासाठी मॉर्मन सुचवत नाही, लाइम तर नाहीच, त्यात नर-मादी पंखांवरून कळतच नाहीत.

सुचवते ते प्लेन टायगर. रुई पुण्यात कुठे नाही? नदीकाठी, मोकळ्या प्लॉटवर, तळजाईच्या वाटेवर, सगळीकडे. मादी रुईवर अंडी घालताना सकाळी नऊ-दहानंतर दिसते, पानावर टेकते, पोट वाकवते, एक अंडं चिकटवते आणि पुढच्या पानावर. तिच्या मागे शांतपणे राहा, अंडं घातलं की त्या देठाला दोरा बांधा, मादी बदलली की दोऱ्याचा रंग बदला. किंवा ओढणीच्या जाळीची मोठी पिशवी करून रुईच्या फांदीवर मादीसकट बांधा, ऊन येत असलं पाहिजे, साखरपाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, आणि संध्याकाळी तिला सोडून द्या. अंडं म्हणजे बघण्यासारखी वस्तू आहे, मलईच्या रंगाचं, वर निमुळतं, अंगावर उभ्या बारीक रेघा. फुटायच्या आदल्या दिवशी टोकाला अळीचं काळं डोकं कवचातून दिसायला लागतं. नंतर अळी बाहेर येते आणि पहिलं काम करते ते कवच खायचं, म्हणून कवच गायब म्हणजे अंडं गायब असं समजू नका. सकाळ-संध्याकाळ बघत राहिलात तरच हे कळतं, रात्रीतून कवच संपलेलं असतं आणि पानावर टाचणीच्या डोक्याएवढी अळी बसलेली असते.

न फुटलेली अंडीही एकसारखी नसतात आणि वहीत फक्त 'वाया' असं लिहू नका. चेपून आत गेलेलं फिकट अंडं म्हणजे फळलंच नव्हतं किंवा वाळलं, एप्रिल-मेच्या पुण्यात वाळणं फार सोपं आहे, डबा खिडकीत उन्हात ठेवू नका, तुमच्या उन्हाच्या प्रश्नाचं उत्तर हेच की ऊन नर-मादी बदलत नाही, मारतं. सबंध एकसारखं काळं कुळकुळीत झालेलं अंडं म्हणजे आत परजीवी गांधील आहे, धुळीच्या कणाएवढी, चार दिवसांनी कवचाला बारीक भोक पाडून बाहेर येते. आणि जे फुगलेलंच आहे, आत अर्धवट गडद काहीतरी तयार झालंय पण फुटत नाही, तो मेलेला गर्भ. हा तिसरा प्रकार मोजा! नर मरत असतील तर ते इथे असतील.

वाढवताना एक अंडं एक कप, आणि कपावर नंबर. चहाचे छोटे पारदर्शक प्लॅस्टिकचे कप, वर मलमलीचा तुकडा आणि रबरबँड, खाली टिश्यू. एकत्र ठेवायच्या नाहीत याला कारण आहे, प्लेन टायगरच्या अळ्या शेजारचं अंडं खाऊन टाकतात, कधी लहान अळीलाही सोडत नाहीत, आणि मग तुमचा हिशोब गेला. शी रोज काढायची, पावसाळ्यात दिवसातून दोनदा, आपल्याकडे जुलैत ओल इतकी असते की एका रात्रीत बुरशी येते आणि अळी मऊ पडून काळी होते. पाला ताजा, पण नर्सरीतून आणलेल्या नवीन रोपाचा नाही, त्यावर मारलेलं औषध आतपर्यंत मुरलेलं असतं, महिनाभर तरी त्याला हात लावू नका. घरात मच्छरची अगरबत्ती, कॉइल, स्प्रे काहीही नको, हे तर कृपा करून लक्षात ठेवा, एका संध्याकाळी सगळं संपतं.

झाडावरून मोठी अळी उचलून आणली तर ती वाढवा, पण प्रमाणात धरू नका. तिच्या पोटात आधीच माशीची किंवा गांधिलीची पोरं असू शकतात आणि तिच्या मागे झाडावर किती मेल्या ते आपल्याला माहीतच नसतं. कोषातून फुलपाखराऐवजी पांढरा दोरा लोंबला आणि खाली तपकिरी दाणा पडला, तर ती परजीवी माशी. कोषाला बारीक गोल भोकं दिसली तर गांधील. दोन्हींच्या नोंदी करा, कोषात नर-मादी आधी बघून ठेवलं असेल तर तो नंबर कामाला येईल.

प्लेन टायगरमध्ये बाहेर पडल्यावर ओळखणं सगळ्यात सोपं. मागच्या पंखाच्या मध्याजवळ काळे ठिपके मोजा, मादीत तीन, नरात चार, आणि तो चौथा बाकीच्यांपेक्षा मोठा, खालून बघितला तर मध्ये पांढरा. तो नुसता ठिपका नाही, गंधाची पिशवी आहे, नर पोटाच्या टोकातून केसांचा झुपका काढून त्या पिशवीत घालतो. आणि कोष लटकता असल्याने तोही सगळ्या बाजूंनी बघता येतो, वरच्या काळ्या देठाखाली मादीत बारीक उभी चीर असते, नरात नसते. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी पावसाळ्यानंतर घोळेच्या भाजीवर छोटा चांदवा बघावा, नर काळा, पंखांवर पांढरे वाटोळे डाग आणि त्यांना निळी-जांभळी झाक, मादी हुबेहूब प्लेन टायगर, दुरूनही चुकायचं नाही. फक्त हा छोटा चांदवा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला होता, 2022 च्या दुरुस्तीत याद्या बदलल्या, तेव्हा त्याची अंडी उचलायच्या आधी आजची यादी बघा किंवा वनखात्यात विचारा, आणि तोवर झाडावरच बघा. कुंडीत घोळ लावून जागच्या जागी जाळी घातली तरी सगळं दिसतं.

दोन गोष्टी वेळेच्या. बऱ्याच जातींत नर आधी बाहेर पडतात, माद्या एक-दोन दिवस मागून. एकाच आईच्या, एकाच दिवसाच्या अंड्यांत हे छान दिसतं. पण कोणी पहिली सात-आठ फुलपाखरं निघाल्यावर उत्साहाने प्रमाण सांगून मोकळा होतो आणि ते नरांकडेच झुकलेलं असतं. शेवटचा कोष फुटेपर्यंत किंवा तो मेलाय हे नक्की होईपर्यंत थांबायचं. हिवाळ्यात एखादा मॉर्मनचा कोष बाकीचे उडाले तरी नुसता बसून राहतो, हिरवा किंवा तपकिरी, जड, दाबला न जाणारा, त्याला टाकून देऊ नका.

आणि बाहेर फिरताना जे दिसतं त्याची या प्रमाणाशी तुलना करू नका. ताम्हिणीत ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर शेकड्यांनी फुलपाखरं बसलेली असतात, जवळजवळ सगळे नर, मिठासाठी आलेले, ते मीठ पुढे मीलनात मादीला आणि तिच्या अंड्यांना जातं. टेकडीच्या माथ्यावर नर राखण करत बसतात, वेताळ टेकडीवर दुपारी बघा. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांवर चिकटलेली टायगर आणि क्रो गटातली फुलपाखरं बहुतेक नरच, त्यातल्या रसायनापासून ते त्यांचा गंध बनवतात. माद्या त्या वेळी खाली झुडपांत एकेक पान तपासत हिंडत असतात, त्या मोजल्याच जात नाहीत. बाहेर नर जास्त दिसतात म्हणून जन्मतात जास्त असं होत नाही.

वहीचे रकाने असे करा: आईचा नंबर, अंड्याचा नंबर, झाड, घातल्याची तारीख, फुटल्याची तारीख किंवा न फुटल्याचा प्रकार, अळी मेली तर कितव्या कातेला, कोष झाल्याची तारीख, कोषात दिसलेलं लिंग, बाहेर पडल्याची तारीख, पोटाच्या टोकावरून पाहिलेलं लिंग. शेवटचे दोन रकाने जुळत नसतील तर फोटो परत बघा. मुलगी किती मोठी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण आठ-दहा वर्षांची पोरं हे रकाने मोठ्यांपेक्षा नेटाने भरतात हे मी बघितलंय. एका आईची पंधरा-वीसच अंडी घ्या, बाकीची झाडावर राहू द्या, आणि फुलपाखरं जिथून अंडी आणली तिथेच सकाळी सोडा. असे सात-आठ आयांचे हिशोब जमले की आधी प्रत्येक आईचं प्रमाण वेगळं बघा, मगच बेरीज करा.

आत्ताच्या बॅचचे फोटो असतील तर त्या दहा नरांचे मागचे पंख आणि पोटाची टोकं दिसतील असे शोधून पाठवा, सायरस असली तर सांगते. आणि नऊपैकी किती अंडी फुटलीच नाहीत एवढं मुलीला विचारा, तिला आठवत असेल.